दोन प्रेस

नाशिकरोडला 'वडील काय करतात?' असं कुणी विचारलं आणि तुम्ही 'प्रेसमध्ये आहेत' म्हणालात, की पुढे फारसं विचारत नाहीत. फार तर 'आयएसपी का सीएनपी?' एवढंच. बाहेरगावच्या माणसाला वाटतं वर्तमानपत्राचा छापखाना असेल. आमच्याकडे मात्र प्रेस म्हणजे नोटा आणि स्टॅम्पांची प्रेस, दुसरी कुठलीही नाही.

आमच्या घरात या शब्दाला आणखी एक पदर आहे. आजोबा, म्हणजे आबा, देवळाली कॅम्पात कपडे धुवायचे आणि इस्त्री करायचे. कॅम्पातली हिंदी बोलणारी मंडळी इस्त्रीला 'प्रेस'च म्हणतात. त्यामुळे 'आमच्या दोन पिढ्या प्रेसमध्ये, एक कपड्यांच्या आणि एक नोटांच्या' हा काकांचा ठरलेला विनोद आहे. प्रत्येक लग्नात तो एकदा तरी होतो. सगळे हसतात. माझे वडील, अण्णा, हसत नाहीत. हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्याचं कारण मला गेल्या महिन्यात नीट कळलं. तेही एका आयर्निंग बोर्डामुळे!

झालं असं, की लेकीला नोकरी लागली. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. तिने कुणाला न विचारता ऑनलाइन एक आयर्निंग बोर्ड मागवला. लांबलचक खोकं आलं, तिने ते हॉलमध्येच फोडलं, पाय ओढून बोर्ड उभा केला आणि खिडकीपाशी ठेवला. वर निळ्या फुलांचं कापड, एका बाजूला इस्त्री ठेवायला जाळी. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हे काय आणलंय?"

"इस्त्रीचं टेबल आहे आजोबा."

"हॉलमध्ये नको. आत ने."

आवाज चढलेला नव्हता. पण अण्णांचा हा सूर आम्हाला ठाऊक आहे. लेकीला मात्र ठाऊक नाही. ती म्हणाली, "आत जागा कुठाय?" आणि इस्त्रीची वायर शोधायला लागली.

आता थोडं मागे जायला हवं.

आम्ही जातीने परीट. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य घ्यायचं, अशी ती जुनी व्यवस्था. लग्नात पायघड्या घालायचा मानही परटाचा. वरात ज्या कापडावरून चालत येते ते अंथरायचं आमच्या लोकांनी. याला मान म्हणायचं की काम, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या देवघराशेजारी गाडगेबाबांची तसबीर आहे. बाबांचा जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, आणि घर परटाचंच. लहानपणी मला त्या तसबिरीतली एक गोष्ट फार खटकायची. परटाच्या घरी जन्मलेला माणूस, आणि अंगावर ठिगळांचे, चिंध्यांचे कपडे! आबांना विचारलं तर म्हणाले, "लोकांचे कपडे पांढरे करून लोक पांढरे होत नाहीत, हे त्याला कळलं होतं." हे आबांचं वाक्य की कुठल्या कीर्तनात ऐकलेलं, कोण जाणे.

आबा भगूरला राहायचे. कपडे दारणेवर धुवायचे आणि गिऱ्हाईक सगळं कॅम्पातलं. देवळालीचा कॅम्प १८६०च्या दशकातला. मायदेशी परतणारे गोरे सोल्जर इथे जहाजाची वाट बघत पडून राहायचे. ऊन, कंटाळा आणि रिकामपण यांनी कित्येकांची डोकी फिरायची. म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द म्हणजे आपली देवळाली! एवढ्या पलटणी म्हटल्यावर कपडे किती असतील बघा. खाकी ड्रिलचे शर्ट, हाफ पँटी, सगळं खळ घालून कडक केलेलं. फाळणीनंतर १९४७ साली तोफखान्याचं स्कूल काकूलहून इथे आलं आणि आबांचं गिऱ्हाईक बदललं. साहेब देशी झाले, पण इस्त्रीची धार तीच लागायची.

कुणाचा कपडा कोणता हे लक्षात ठेवायला बिब्ब्याची खूण. बिब्बा टोचून त्याच्या तेलाने कॉलरच्या आत टिंब-रेघा काढायच्या आणि वर चुना लावायचा. मग ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात ते यावरूनच. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर नेमक्या या खुणेच्या जागी फोड यायला लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्या दुखण्याला 'धोबी मार्क डर्मटायटिस' असं नाव दिलं. नायट्यालाही ते 'धोबीज इच' म्हणायचे. म्हणजे कपडे स्वच्छ करणाऱ्याच्या वाट्याला इंग्रजीत आले ते दोन रोग. :-)

इस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असं मानतात. त्यांच्या भाषेत 'एस्तिरार' म्हणजे ताणणं. आबांची इस्त्री पितळेची, कोळशाची, सहा-सात किलोची. वर लाकडी मूठ, पुढे कोंबड्याच्या आकाराची खिट्टी, कडेला हवेची भोकं. निखारे मंदावले की इस्त्री हातात धरून झोपाळ्यासारखी मागेपुढे हलवायची. तापली का बघायला ओल्या बोटाने पाणी शिंपडायचं. नुसतं 'चर्र' झालं तर अजून वेळ आहे, थेंब टुणकन उडाला तर तापली. राख उडून पांढऱ्या शर्टावर पडली की तो शर्ट पुन्हा दारणेवर.

आणि या सगळ्याच्या खाली असायची ती फळी. म्हणजेच आयर्निंग बोर्ड, त्याला हे नाव माहीत नव्हतं एवढंच. जाड सागवानी, माणूस उभा राहिला की कमरेला येईल एवढ्या उंचीच्या दोन घोड्यांवर टाकलेली. वर आधी गोणपाट, त्यावर घोंगडी आणि सगळ्यात वर जुन्या धोतराचं धुवट कापड.

या बोर्डाचा इतिहास शोधताना मला एक बाई भेटल्या. सारा बून. जन्म १८३२, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा, गुलामगिरीच्या काळातला, आणि बाई कृष्णवर्णीय. पुढे न्यू हेवन या गावात त्या शिवणकाम करून राहिल्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या चाळिशी उलटल्यावर. २६ एप्रिल १८९२ला त्यांना इस्त्रीच्या फळीतल्या सुधारणेचं पेटंट मिळालं. अनेक ठिकाणी त्यांनीच बोर्ड शोधला असं लिहितात, पण ते बरोबर नाही. इस्त्रीच्या टेबलांची पेटंटं १८५८पासून आहेत, आणि त्याआधी लोक जेवणाच्या टेबलावर नाहीतर दोन खुर्च्यांच्या पाठींवर फळी टाकून काम भागवत होते. सारा बून यांची फळी अरुंद आणि बाकदार होती. बायकांच्या पोशाखाची बाही तिच्यावर चढवता यायची आणि फळी उलटी केली की बाहीची दुसरी बाजू. खाली जाड गादी, काम झालं की मिटून ठेवायची. रोज बाह्यांशी झगडणाऱ्या बाईलाच हे सुचू शकतं. पेटंट काढणाऱ्या काळ्या स्त्रिया त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या या एक.

तिकडे हा बोर्ड घराघरात गेला. आपल्याकडे का नाही गेला? मला दोन कारणं दिसतात. एक, आपलं सगळं जमिनीवर. स्वयंपाक, जेवण, झोप, अभ्यास, सगळंच. दोन खोल्यांच्या घरात फक्त एकाच कामाला लागणारी वस्तू कोण ठेवणार? सतरंजीची चौघडी केली की बोर्ड, उलगडली की अंथरूण. कुणी तांब्यात निखारे घालून शर्ट सरळ करायचे, कुणी पँटी गादीखाली घालून रात्रभर त्यावर झोपायचे. दुसरं कारण म्हणजे कडक इस्त्री लागली, तर तिच्यासाठी परीट होताच. बोर्ड आपल्याकडेही होता, पण तो घराबाहेर होता. परटाच्या खोपटात, कोपऱ्यावरच्या टपरीत, हातगाडीवर. त्याच्यामागे दिवसभर उभा राहणारा माणूसही घराबाहेरच.

तर अण्णा. जन्म १९४७चा. शाळेत असताना सकाळी कॅम्पात गाठोडी पोचवायची आणि मग वर्गात जायचं. त्यांना वर्गात कुणी नावाने हाक मारायचं नाही, एवढं एकदा सांगितलंय. काय म्हणायचे, ते नाही सांगितलं. १९६७ साली ते प्रेसमध्ये चिकटले. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाली. तोवर आपले पोस्टाचे स्टॅम्प लंडनहून छापून यायचे, ते १९२६पासून नाशिकला छापायला लागले. शेजारची करन्सी नोट प्रेस १९२८ची, तिथली पहिली नोट पाच रुपयांची. भगूरच्या परटाचा मुलगा तिथे लागला म्हणजे काय, हे आज कळायचं नाही. सायरन, झडती, पाळी, पगार आणि पुढे नेहरूनगरला क्वार्टर.

क्वार्टरमध्ये येताना आबांनी फळी दिली. त्यांचं स्वतःचं काम तेव्हा उतरणीला लागलं होतं. टेरिलीन, टेरिकॉट आलं होतं. ते कापड धुवायला सोपं, चुरगळायचं कमी, आणि कोळशाच्या इस्त्रीला तर साफ न मानवणारं. सुताला जी उष्णता लागते तिने टेरिलीन वितळतं. कोळशाच्या इस्त्रीला उष्णता कमी-जास्त करायचं बटण कुठलं? एका साहेबाचा नवा शर्ट आबांच्या हातून जळला, त्याचे पैसे त्यांनी तीन महिने फेडले. मग म्हणाले, "ही फळी तुमच्याकडे राहू दे. सूनबाईला उभ्याने इस्त्री करायला बरी."

फळी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसली. आई त्यावर घरचे कपडे करायची. सहा महिने गेले. एका रविवारी शेजारचे एक गृहस्थ आले. प्रेसमध्येच, अण्णांच्याच बरोबरीचे. हातात दोन शर्ट. म्हणाले, "तुमच्याकडे होतंच आहे ना, त्यातच हेही. काय होतील ते पैसे सांगा."

हे मला आईने सांगितलं, परवा, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, मला काहीही आठवत नाही. मी विचारलं, "मग अण्णांनी काय केलं?"

"काय करणार? घेतले. स्वतः इस्त्री केली. अशी केली की बघत राहावं. नेऊन दिले, पैसे नाही घेतले. आणि संध्याकाळी फळी खाली उतरवली."

त्या फळीचा पुढे माळा झाला. आमच्या क्वार्टरमध्ये मोरीवर जो माळा होता, ज्यावर दिवाळीचे डबे असायचे, तो म्हणजे आबांचा बोर्ड. मी त्याच्याखाली अठरा वर्षं आंघोळ केली!

तेव्हापासून आमच्याकडे इस्त्री आतल्या खोलीत, जमिनीवर, दार लोटून. १९७९ साली बोनसमधून विजेची इस्त्री आली. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतलं होतं. म्हणजे आमच्या घरात यायला तिला ९७ वर्षं लागली. एकलहऱ्याची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसायची. तिथला पहिला संच १९७०चा. तरी वीज हवी तेव्हा असायचीच असं नाही, पुढे लोडशेडिंगच्या वर्षांत तर नाहीच. आई वेळ साधून बसायची. एक पाय दुमडलेला, एक लांब, समोर चौघडी केलेली सतरंजी, डाव्या हाताला पाण्याची वाटी. अण्णांचे शर्ट, आमचे शाळेचे गणवेश, तिची साडी. कुणाच्या घरी पाहुणे आले की आई इस्त्री करत बसलेली त्यांना दिसायची. आमच्याकडे ती कधीच कुणाला दिसली नाही. मला वाटायचं, आईला गडबड आवडत नाही म्हणून दार लोटते.

आज आईची पाठ सरळ होत नाही. डॉक्टर म्हणतात वय आहे. असेलही.

तर त्या दिवशी लेक हॉलमध्ये इस्त्री करायला लागली. तिला येत नव्हती. कॉलरवर मधोमध इस्त्री ठेवून टोकाकडे ढकलत होती, त्यामुळे टोकाला चुणी पडत होती. अण्णा पेपरामागून बघत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मग पेपर खाली ठेवला आणि उठले.

"सरक. कॉलर टोकाकडून मधे आणायची. दोन्ही टोकांकडून. चुणी पडलीच तर मागे पडते, दिसत नाही."

मग कॉलरनंतर खांदा, मग कफ, बाही, मग पुढचा भाग, शेवटी पाठ. बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक असं फिरत होतं की मी बघतच राहिलो. एकोणऐंशीव्या वर्षी हात किंचित थरथरतात त्यांचे, चहाची बशी हलते. इस्त्रीवर नाही हलले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री करताना बघत होतो. बावन्न वर्षं एका घरात!

शर्ट झाल्यावर त्यांनी तळहाताने बोर्ड दाबून बघितला. "गादी काहीच नाही याला. स्पंज आहे, पातळ. खालची जाळी कपड्यावर उठेल." आणि मग जे कधी बोलले नव्हते ते बोलले. खाली घोंगडी का लागते, तर लोकर उष्णता धरून ठेवते आणि वाफ पिते. बटण आणि शिवण घोंगडीत बुडते म्हणून वरून कपडा सपाट राहतो. पण फार मऊ चालत नाही, नाहीतर धार बसत नाही, म्हणून तिच्याखाली गोणपाट. आणि पाणी शिंपडून कपडा थोडा वेळ गुंडाळून ठेवायचा, म्हणजे ओल सारखी पसरते. मी शास्त्र शिकलेला. सुतातले सेल्युलोजचे धागे एकमेकांना धरून असतात, पाणी ती पकड सैल करतं, आणि उष्णतेने पाणी निघून गेलं की धागे नव्या जागी पुन्हा पकड घेतात, असं मी लेकीला सांगायला लागलो. अण्णा म्हणाले, "तेच. आबा म्हणायचे, ओल्यात वळतं, सुक्यात टिकतं."

लेकीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला एवढं येतं, मग कधी केली का नाहीत?"

अण्णा काही बोलले नाहीत. आई आतून दारापर्यंत आली होती. ती बोर्डाकडे बघून एवढंच म्हणाली, "हे उभ्याचं चाळीस वर्षं आधी आणायचं होतं."

अण्णांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. वायर गुंडाळली नाही. तसेच उभे राहिले. नंतर कधीतरी गॅलरीत मला म्हणाले, "मला लोकांचं दार बंद करायचं होतं रे. ते तिच्यावर बंद झालं, हे डोक्यातच आलं नाही." मी काय बोलणार? मी तर ते लोटलेलं दार रोज ओलांडून इस्त्रीचा गणवेश घेऊन शाळेत गेलोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला आजही एक इस्त्रीवाला उभा असतो. कोळसा जाऊन त्याची इस्त्री गॅसवर आली आहे. तमिळनाडूतल्या विनिशा उमाशंकर या मुलीने सौर ऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तयार केली आणि २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत भाषणही केलं. इस्त्री बदलत राहते. पण सकाळी आठपासून उभं राहायचं ते राहायचंच. मी इतकी वर्षं त्याला शर्ट मोजून देत आलो. तो कुठल्या गावचा, हे काल पहिल्यांदा विचारलं.

असो. बोर्ड सध्या हॉलमध्येच आहे, खिडकीपाशी, उघडा. निळ्या फुलांच्या कापडाखाली अण्णांनी घोंगडीचा तुकडा घातलाय. कुणी आलं की त्यांची नजर एकदा तिकडे जाते, अजून जाते. पण आत ने म्हणत नाहीत. आईला उंच स्टूल आणून दिलंय. ती त्यावर बसून रुमाल करते आणि बाकीच्या कपड्यांना हात लावत नाही. "तुम्ही करा," म्हणते. आणि अण्णा करतात.

भगूरच्या आत्याला एक विनंती. आबांची पितळी इस्त्री तुझ्याकडे माळ्यावर आहे असं अण्णा म्हणतात. असेल तर फोटो पाठव. कोंबडा शाबूत आहे का तेवढं बघ.